पाणी मुरलेला खडक आणि भूकंपाच्या लहरी

माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर घ्यावयाचा, बद्द वाजला तर खाली ठेवावयाचा. तोच माठ महिनाभर वापरून, रिकामा करून, ओला असतानाच पुन्हा वाजवा. नाद बदललेला आढळेल. माती तीच, भाजणी तीच. फरक एवढाच की बारीक छिद्रांतील हवा गेली आणि तेथे पाणी आले. आमच्या आजच्या विषयाचे मर्म एवढ्यात आले. माठाच्या जागी साताऱ्या-सांगलीखालचा खडक घ्यावयाचा आणि बोटाच्या जागी भूकंपाची लहर.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे १८० माणसे दगावली. धरणात पाणी साठू लागून तेव्हा पाच-सहा वर्षे झाली होती. १९९३ पासून दक्षिणेस वारणा धरणाच्या परिसरातही धक्के बसू लागले. साठ्याचे पाणी भेगांतून खोल उतरते, तेथील दाब वाढवते आणि आधीच ताणलेला खडक सरकतो, असे शास्त्रज्ञ मानतात. पण पाणी खरोखर तितके खोल उतरले आहे काय? डोळ्यांना ते दिसत नाही. तेव्हा कानांनी ऐकावे लागते.

जमिनीतून दोन प्रकारच्या लहरी जातात. एक खडकाला दाबत-सोडत पुढे जाते, दुसरी त्याला आडवे हलवीत जाते. खडकाच्या छिद्रांत हवा असेल तर तो दाबाला लवकर नमतो. पाणी असेल तर नमत नाही, म्हणून पहिली लहर जलद धावते. पाण्याला आकार टिकविण्याची ताकद नाही. त्यामुळे दुसऱ्या लहरीला त्याची मदत होत नाही, उलट त्याचे ओझे होऊन ती किंचित मंदावते. दोन्हींचे वेग शेजारी मांडले की खडक कोरडा की भिजलेला याचा अंदाज येतो.

एका खडकातून दुसऱ्यात शिरताना लहरीचा काही भाग माघारी फिरतो. घनता आणि वेग यांचा गुणाकार दोहींकडे जितका वेगळा, तितका प्रतिध्वनी मोठा. आपल्याकडे अशा सीमांना तोटा नाही. काळ्या फत्तराचे थर एकावर एक रचलेले. थराचा माथा जाळीदार, पोट घट्ट आणि कोठे कोठे दोन थरांमध्ये लाल मातीची पट्टी. विहिरीचे काम पाहिलेल्यांना हे सांगावयास नको. पाझर लागतो तो बहुधा त्या जाळीदार भागातच.

मॉरिस बिओ या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये या भिजलेल्या खडकांचे गणित मांडले. खडकाचा सांगाडा आणि त्यातील पाणी वेगवेगळे हलू शकतात, म्हणून दाबाची आणखी एक, फार संथ लहर निर्माण होते, असे त्याने दाखविले. सीमेवर एक लहर येऊन आदळली की जलद, संथ आणि आडवी अशा तिन्ही लहरी माघारी फिरतात आणि तिन्ही पुढेही जातात. संथ लहर थोड्याच अंतरात विरते. प्रयोगशाळेत ती दिसावयास १९८० साल उजाडले! पण विरताना ती शक्ती खाते, म्हणून प्रतिध्वनीच्या हिशेबात तिला धरावेच लागते. शिवाय दोन्ही खडकांची छिद्रे एकमेकांस मिळालेली असली तर पाणी इकडून तिकडे सरकते. मधल्या मातीने ती बुजली असली तर अडते. सीमा तीच, पण प्रतिध्वनी निराळा. आम्हाला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत नवलाची वाटते.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात गुहागरपासून सांगली जिल्ह्यातील चोरोचीपर्यंत सुरुंग उडवून असे प्रतिध्वनी टिपले. भूकवचाचा तळ कोयनेखाली सुमारे ४० किलोमीटरांवर असल्याचे त्यातून समजले. परंतु वरच्या काही किलोमीटरांचा बारकावा हाती येणे कठीण. फत्तराचे थर आपसांतच लहर टोलवीत राहतात, आणि प्रतिध्वनीचाही प्रतिध्वनी येतो. त्यात काळा फत्तर आणि त्याखालचा ग्रॅनाइट यांचे वेग फारसे दूर नाहीत. घाटात हाक मारली असता चार कड्यांवरून उत्तर यावे आणि कोणता कडा बोलला ते कळू नये, त्यातला प्रकार.

अखेर छिद्र पाडणे आले. पाटण तालुक्यात गोठणे येथे २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले. कराडची भूभौतिकी प्रयोगशाळा हे काम पाहते. काळा फत्तर सुमारे १२५० मीटरांवर संपला आणि खाली थेट ग्रॅनाइटासारखा जुना खडक लागला. मध्ये गाळाचे थर असतील अशी पुष्कळांची अटकळ होती. ते निघाले नाहीत. पाणी मात्र ३ किलोमीटरांपर्यंत आढळले, आणि ते पावसाचेच, वरून मुरलेले. धक्क्यांचा उगम बहुधा त्याहून खाली, १० किलोमीटरांच्या आत असतो. तेथवर यंत्राचे पाते अद्याप गेलेले नाही. तेथली खबर आज तरी लहरींकडूनच घ्यावी लागते.