काटा तीन लाखांवर, गाडी रस्त्यावर

भंडारा ते नागपूर अंतर सुमारे ६० किलोमीटर. मोठे दवाखाने नागपूरला, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला, विमानतळही तिथेच. त्यामुळे भंडाऱ्यातून अपडाऊन करणारे पुष्कळ. वर्षाला ३०० दिवस जाऊन-येऊन धरले तर गाडी ३६ हजार किलोमीटर धावते आणि आठव्या वर्षी मीटर तीन लाखांच्या उंबरठ्यावर येतो. मग घरात सुरू होते, ‘गाडी संपली, आता विकून टाका.’ आकडा खरा असतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बहुतेकदा चुकतो.

इंजिनाची मोठी झीज होते ती थंड गाडी सुरू करताना. रात्रभरात ऑईल खाली उतरलेले असते आणि ते वर पोहोचेपर्यंतचे काही क्षण धातूवर धातू घासतो. शहरात दिवसातून दहा वेळा सुरू-बंद होणारी, क्लचवर चालणारी गाडी हा मार रोज खाते. महामार्गावर एका वेगाने तासभर धावणाऱ्या गाडीच्या वाट्याला तो कमी येतो. म्हणूनच हायवेवर दोन लाख धावलेली गाडी सीताबर्डीच्या गर्दीत ८० हजार काढलेल्या गाडीपेक्षा धडधाकट निघू शकते.

याचा जगातला सर्वांत मोठा पुरावा एका शाळामास्तराने ठेवला आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणारे विज्ञानशिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली व्होल्व्हो पी १८०० एस ही गाडी घेतली. शाळेचे रोजचे जाणे-येणे सुमारे २०० किलोमीटर. सप्टेंबर २०१३मध्ये अलास्कात त्या गाडीने ३० लाख मैल, म्हणजे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. कंपनीच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे ते वेळेवर करायचे, एवढाच त्यांचा नेम होता. ऑईल ते ठरल्या अंतराला न चुकता बदलत.

भंडाऱ्यात मात्र पुस्तिकेच्या जोडीला इथली हवाही वाचावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतपात डांबर मऊ पडते. जुन्या गाडीची खरी परीक्षा तेव्हा होते, आणि ती हरते ती बहुतेक वेळा पाण्यापायी. ‘गाडी गरम झाली’ असे सहज सांगितले जाते, पण त्या पाच मिनिटांत ॲल्युमिनियमचे हेड वाकू शकते, गास्केट उडते आणि काही हजारांचे काम इंजिन बांधण्यापर्यंत जाते.

कारणे मात्र अगदी स्वस्त असतात. रेडिएटरच्या टोपीचेच पाहा. ती आतला दाब धरून ठेवते आणि त्या दाबामुळे पाणी १०० अंशांना न उकळता सुमारे १२० अंशांपर्यंत टिकते. टोपीचे रबर वाळले की दाब सुटतो आणि चांगले इंजिनही चढावर उकळू लागते. नवी टोपी काही शे रुपयांत मिळते. दुसरे कारण बोअरचे पाणी. कुलंट कमी दिसले की घरची बाटली ओतायची सवय सर्रास आढळते. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आतला धातू गंजतो. कुलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे आणि पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत पूर्ण बदलावे. पाइप थंड असताना हाताने दाबून पाहावेत. फुगलेला, भेगाळलेला किंवा लिबलिबीत पाइप उन्हाळ्याआधीच बदललेला बरा.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्वच काढून टाकण्याचा उपाय काही मिस्त्री सुचवतात. तो मान्य करू नये. व्हॉल्व नसला की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, ॲव्हरेज घसरते, झीज वाढते. आणि तुंबलेला रेडिएटर किंवा थकलेला पंप हे मूळ दुखणे तसेच राहते.

उन्हाळ्याइतकीच धूळ. वाळूचे टिप्पर, तुमसरकडच्या मँगनीज खाणींचा पट्टा, धानकापणीनंतरचा भुसा. एअर फिल्टर पुस्तिकेतल्या अंतराच्या निम्म्यातच काळा पडतो आणि डिझेल गाडी काळा धूर सोडू लागते. रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या जाळीत भुसा आणि किडे अडकतात. ती जाळी कमी दाबाच्या पाण्याने धुतली तरी इंजिनाचे तापमान खाली येते. ज्यांच्या घरी पोती रचलेली असतात त्यांना आणखी एक त्रास माहीत असतो. उंदीर बॉनेटमध्ये घर करतात आणि वायरी कुरतडतात. गाडी पोत्यांपासून दूर लावावी, आठवड्यातून दोनदा बॉनेट उघडून बघावे.

पावसाचे दुखणे वेगळे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेला पूर भंडारा शहरात शिरला. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी नंतर नुसती सुकवून चावी फिरवणे ही सर्वांत महागडी चूक आहे. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढावी, गाडी ओढून न्यावी. ऑईल दुधाळ झाले आहे का ते पाहावे. इंजिन ऑईल, गिअर ऑईल आणि फिल्टर बदलल्यावरच ती सुरू करावी.

दोन लाखांपुढच्या गाडीत सर्वांत आधी थकते ते रबर. सस्पेन्शनचे बुश, इंजिनाचे माउंटिंग, ऑईल सील. खड्ड्यात खडखड आली म्हणजे गाडी मेली असे नव्हे, बहुधा बुश गेलेले असतात. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते. पेट्रोलचा वास आला की पाइप त्याच दिवशी तपासून घ्यावा.

टायमिंग बेल्टच्या बाबतीत काटकसर करूच नये. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळतात. सेकंडहँड गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असे धरून चालावे. ज्या गाडीत बेल्टऐवजी चेन आहे तिथे हा खर्च नाही, मात्र सकाळी सुरू करताना चेनचा आवाज येऊ लागला तर तो कानाआड करू नये. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे गाडी कमी चालली तरी ते दोन वर्षांनी बदलावे लागते. टायरच्या कडेवरचे चार आकडेही वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. साकोलीच्या पुढे नागझिरा-नवेगावच्या जंगलपट्ट्यात रात्री जुना टायर फुटणे म्हणजे काय, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको.

या सगळ्याला लागते एक वही. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पैसे लागले. वही असली की मिस्त्री बदलला तरी गाडीचा इतिहास हरवत नाही आणि विकताना भावही चांगला येतो. ऑईलची काडी आठवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन थंड असताना पाहावी. पातळी सतत उतरते आहे आणि निळसर धूर दिसतो आहे, तर इंजिन ऑईल खाते आहे. पांढरा धूर थांबत नाही आणि कुलंटही घटते आहे, तर हेड गास्केट दाखवावे. ही चिन्हे लवकर ओळखली तर खर्च आटोक्यात राहतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात एमएच ३६च्या गाड्यांसाठीही हाच नियम आहे. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. त्याआधी ब्रेक, दिवे, टायर आणि धूर एकदा मिस्त्रीकडून तपासून घ्यावा, विमा आणि पीयूसी चालू आहेत का ते पाहावे, आणि मगच गाडी तपासणीला न्यावी.