उघडता येणारा सोलर

मुलांना शिकवण्यासाठी पाणी तापवायचा सोलर बनवायचा, तर तो उघडता आला पाहिजे. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत हे मला मनापासून पटलं. कारखान्यातून आलेला कलेक्टर, म्हणजे ऊन शोषून पाणी तापवणारी पेटी, बंदिस्त असतो. पाणी किती अंशांवर आत गेलं आणि किती अंशांवर बाहेर आलं, एवढंच वहीत उतरतं. मधली उष्णता कुठे गळाली ते कळत नाही.

इथे दोन चौरस मीटरचा कलेक्टर मुलंच जोडत होती. वर-खाली एकेक जाड तांब्याची नळी, मध्ये बारीक उभ्या नळ्या आणि प्रत्येकीला डाग देऊन जोडलेली पत्र्याची पट्टी. खरी कसोटी या डागाची. पट्टी नळीपासून जराशी सुटली, तरी फटीतली हवा उष्णता अडवते. पट्टी तापते, पाणी मात्र कोमटच राहतं. कार्यशाळेतले मामा प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवत होते. एका जागी थांबले. “इथं सुटलंय बघ. परत धर.”

मग काळा रंग, मागे रॉकवूल, वर स्क्रूंनी बसवलेली टफन्ड काच. ती काढून काळ्या क्रोमचा मुलामा दिलेला दुसरा, विकतचा सांगाडाही बसवता येतो. दोन्ही ऊन भरपूर शोषतात, पण तापल्यावर रंगाचा पत्रा त्यातली बरीच उष्णता किरणांवाटे परत सोडतो, मुलाम्याचा फार थोडी.

गच्चीवर टाकी कलेक्टरच्या वर ठेवली. पंप नाही; गरम पाणी हलकं होऊन आपणच चढतं. गरम पाण्याची नळी मध्येच खाली वाकली होती. “पाण्याला वर जायचंय ना रे? मग नळी खाली का उतरवलीस?” अशा वाकावर हवा अडकते आणि प्रवाह बसतो.

सर्वांत मोलाचा धडा ऊन मोजताना मिळाला. कलेक्टर दक्षिणेकडे १८ अंश कललेला, आणि ऊन मोजणारा पायरॅनोमीटर कठड्यावर आडवा! डिसेंबरात पुण्यातला सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. आडव्या मापकाला कललेल्या काचेपेक्षा कमी ऊन मिळतं, त्यामुळे कार्यक्षमता सुमारे वीस टक्क्यांनी फुगलेली दिसते. सरांनी हे सांगितलं नाही. कोणता मापक कुठे बसवलाय, याचं चित्र काढा, एवढंच म्हणाले. चित्र काढता काढताच एकीच्या लक्षात आलं. तिने मापक काचेच्या चौकटीवर, काचेच्याच उतारात बसवला आणि नोंदी पहिल्यापासून सुरू केल्या.