दारू, यकृत आणि रक्ताचा रिपोर्ट

घरी कोणाचा रक्ताचा रिपोर्ट आला की तो वाचून दाखवण्याचे काम बहुधा शिकणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. मूल आकड्यांवर बोट फिरवते आणि सांगते, "सगळे नॉर्मल आहे." दारू पिणाऱ्याच्या घरात हा एक शब्द घात करू शकतो. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतील कारकून आहोत. परंतु आकडा कशाचा आहे हे आधी पाहावे, ही शिस्त नोकरीने आम्हाला लावली. तीच या रिपोर्टला लावून पाहू.

पोटात गेलेली बहुतेक दारू यकृतातच मोडली जाते. त्या वेळी ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तयार होते व ते यकृताच्या पेशींना इजा करते. पेशींत एन्झाइम, म्हणजे विकरे असतात. पेशी दुखावली की ती रक्तात उतरतात. रांजणाला तडा गेला की बाहेर ओल दिसते, तसेच हे. एसजीओटी हे विकर हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यांच्या रक्तात वाढलेले असते, असे १९५४ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवले. पुढे यकृतासाठीही ही तपासणी रूढ झाली.

रिपोर्टवर मुख्यतः तीन नावे पाहावीत. एसजीपीटी प्रामुख्याने यकृतात असते. एसजीओटी मात्र हृदयात व स्नायूंतही असते. अनेक प्रयोगशाळा दोहोंसाठी सुमारे ४० युनिटपर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात. तरीही रिपोर्टवर छापलेली मर्यादाच प्रमाण मानावी. दारूमुळे यकृताला सूज आली असेल तर एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा अधिक असते, पण सहसा ३००-४०० च्या पुढे जात नाही. आकडा हजारांत गेला तर विषाणूची कावीळ, औषधाची विषबाधा अशी वेगळी कारणे डॉक्टर शोधतात. तिसरे जीजीटी. ते नियमित पिणाऱ्यांत वाढते व पिणे थांबवल्यावर बहुधा दोन ते सहा आठवड्यांत उतरते. मात्र लठ्ठपणा व फिटची काही औषधे यांनीही ते वाढते. म्हणून केवळ आकड्यावरून कोणाला दारुडा ठरवू नये.

आता मुख्य मुद्दा. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचा रिपोर्ट आम्हीच वाचून दाखवला होता. दोन्ही आकडे मर्यादेत होते. "काळजी नको," असे आम्ही म्हणालो. त्यांनी त्याच संध्याकाळी आनंद साजरा केला, कसा ते सांगायला नको. दोन वर्षांनी त्यांच्या पोटात पाणी झाले. चूक रिपोर्टची नव्हती, आमच्या वाचण्याची होती.

कारण रांजण रिकामा झाला की ओलही दिसत नाही. वर्षानुवर्षांच्या पिण्याने यकृत कठीण होते, त्याला सिरॉसिस म्हणतात. तेव्हा निरोगी पेशी कमी उरतात आणि विकरांचे आकडे जवळजवळ नॉर्मल येऊ शकतात. विकरे इजा दाखवतात, यकृताची उरलेली ताकद नव्हे. ती पाहण्यासाठी बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ तपासतात. त्यांच्या जोडीला प्लेटलेट व सोनोग्राफी असते. पोटात असह्य कळा येऊन त्या पाठीकडे गेल्या तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. त्यात लायपेज मर्यादेच्या तिपटीहून अधिक वाढते. अशा वेळी घरी न थांबता दवाखाना गाठावा.

विद्यार्थी मित्रांनो, रिपोर्ट वाचताना "नॉर्मल" म्हणून थांबू नका. किती पितात, किती वर्षे पितात, हे डॉक्टरांना खरे सांगा. त्यात वडिलांची बेअब्रू नाही, उपचाराची सुरुवात आहे. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. फिट येणे, भ्रम होणे, प्रसंगी मृत्यूही संभवतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे.

पंचशीलातील पाचवे शील आपण दर सभेत म्हणतो. ते पाळण्यासाठी रिपोर्ट बिघडण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि बिघडला तरी वेळ गेलेली नसते. यकृतावर चढलेली चरबी दारू सोडल्यावर काही आठवड्यांत उतरू लागते. सिरॉसिस झालेल्यालाही सोडल्याने आयुष्य वाढवून मिळते. आमच्या त्या गृहस्थांनी शेवटी सोडली. आता त्यांचा रिपोर्ट त्यांची मुलगी वाचते, आणि वाचून झाल्यावर डॉक्टरांना प्रश्न विचारते.