वाशातला भुंगा मारू नका

ताईंनो, गोठ्यात वाशाखाली भुसा पडलेला आणि वर बोटाएवढं गोल भोक दिसलं, की आपण काय करतो? रॉकेलचा बोळा कोंबतो. मी लालबागच्या चाळीत वाढले. तिथे काय, गिरगावच्या जुन्या लाकडी चाळींत काय, लोक हेच करतात. पण तिथे वांग्याचे वाफे नाहीत. आपल्याकडे आहेत.

भुंगा ही मधमाशीच, पण एकांडी. हिला पोळं नाही, राणी नाही, कामकरी माश्या नाहीत. (बचत गट नसलेली बाई म्हणा!) नाव पुल्लिंगी असलं तरी लाकूड पोखरते ती मादीच. ती लाकूड खात नाही, कोरून भुसा बाहेर टाकते. आतल्या बोगद्यात पराग आणि मकरंद मळून गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, भुशाचा पडदा लावते. मग पुढची खोली.

वांग्याच्या फुलात मकरंद नसतो. पराग पिवळ्या नळ्यांत बंद असतो आणि नळीच्या टोकाला बारीकसं छिद्र. आपल्या सातेरी माशीला तो हलवून काढता येत नाही. भुंगा फूल घट्ट धरून अंग थरथरवतो, आवाज एकदम चढतो, आणि डबीतून मीठ पडावं तसा पराग पडतो. टोमॅटोचंही तसंच. शेवग्याच्या फुलावरही हाच येतो. पराग कमी मिळाला की फळं कमी धरतात, लहान राहतात. आणि दादरच्या मंडईत लहान वांग्याला काय भाव मिळतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

डंखाची भीती वाटते? तोंडासमोर येऊन गुणगुणतो तो नर, त्याला नांगीच नसते. मादी हातात दाबली तरच डसते.

नारळाचा कोंब खाणारा गेंड्या भुंगा मात्र वेगळा. त्याची पाठ कडक, डोक्यावर शिंग. तो कीड आहे, त्याचा बंदोबस्त कराच. आपल्या भुंग्याचे पंख उन्हात निळे-जांभळे चमकतात.

वासा वाचवायचाय तर त्याला रंग द्या, रंगवलेलं लाकूड ती सहसा टाळते. बांधावर सुकलेले बांबू, वाळकी फांदी राहू द्या. फवारणी करायचीच तर सकाळी भुंगे फिरताना नको, दिवस मावळल्यावर करा. पुढच्या मासिक बैठकीला येताना आपल्या वाफ्यात सकाळी किती भुंगे दिसले, ते मोजून या.