33 मिलिसेकंदांचा डीजे

मुंबईतल्या दिंडोशीला लागून असलेल्या चित्रनगरीत सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला 24 चित्रं टिपतो. एका चित्राच्या वाट्याला 41.7 मिलिसेकंद येतात. क्लॅपची पट्टी मिटते ती फ्रेम आणि तिचा ‘टक’ आवाज एकमेकांवर बसवले की चित्र आणि ध्वनी जुळले, असं संकलक मानतो. एखाद्या फ्रेमची चूक राहिली तरी थिएटरातल्या बहुतेकांना ती कळतही नाही. जपानमध्ये मात्र असा एक खेळ आहे, ज्यात पूर्ण गुण मिळवायची सगळी मुभाच या एका फ्रेमपेक्षा लहान आहे.

खेळाचं नाव बीटमॅनिया. कोनामी कंपनीने तो डिसेंबर 1997 मध्ये गेम पार्लरांत आणला. समोर पाच कळा आणि बाजूला एक फिरती तबकडी, असा डीजेचा छोटा संसार. फेब्रुवारी 1999 मध्ये त्याचं धाकटं भावंड आलं, बीटमॅनिया टू डीएक्स. त्यात कळा सात झाल्या, खाली चार पांढऱ्या आणि वर तीन काळ्या. आजही जपानी पार्लरांत गर्दी असते ती यालाच. आपल्याकडे मॉलच्या गेम झोनमध्ये पायाने बाण दाबत नाचायचं मशीन अनेकांनी पाहिलं असेल. तो प्रकार जगभर रूढ केला तो याच कंपनीच्या 1998 च्या डान्स डान्स रेव्होल्यूशनने. बीटमॅनिया त्याच्याही आधीचा.

पडद्यावर वरून पट्ट्या पडत येतात. पट्टी खालच्या रेषेला टेकली की त्या रकान्याची कळ दाबायची किंवा तबकडी घासायची. डाव्या बाजूने खेळणाऱ्याची करंगळी बहुधा तबकडीवर आणि उरलेली बोटं कळांवर ताणलेली असतात. यातली खरी मेख आवाजात आहे. पार्श्वसंगीत आपलं चालू राहतं, पण प्रत्येक पट्टीला तिचा स्वतःचा सूर किंवा ठोका बांधलेला असतो. कळ उशिरा दाबली तर तो सूर उशिरा येतो, दाबलीच नाही तर गाण्यात तेवढी जागा रिकामी राहते. म्हणून याला डीजेचा खेळ म्हणायचं. खेळणारा गाण्यावर बोटं नाचवत नाही, गाणं त्याच्याच बोटांतून उभं राहतं.

आता मोजमाप. खेळाडूंनी मोजलेल्या आकड्यांनुसार, ठोका नेमक्या क्षणाच्या साधारण 16.7 मिलिसेकंद मागेपुढे पडला तर सर्वोत्तम शेरा आणि 2 गुण मिळतात. दोन्ही बाजू धरून ही खिडकी 33 मिलिसेकंदांची. 33 मिलिसेकंद मागेपुढे झालं तर ‘ग्रेट’ आणि 1 गुण. 117 पर्यंत नुसतं ‘गुड’, त्याला गुण शून्य. 250 पर्यंत ‘बॅड’.

मिलिसेकंद कानाला सांगून कळत नाहीत, मीटरमध्ये सांगितले तर कळतात. मुंबईच्या 30 अंशांच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 349 मीटर जातो. 16.7 मिलिसेकंदांत तो जेमतेम 5.8 मीटर कापतो. जनरल अरुणकुमार वैद्य मार्गावरून विसर्जनाची मिरवणूक निघाली आहे, पुढे ताशा आणि मागे ढोलांच्या रांगा आहेत, असं समजा. ताशापासून सहा मीटरवरचा ढोलवाला निव्वळ कानाच्या भरवशावर वाजवू लागला तर त्याचा सर्वोत्तम शेरा गेलाच. बारा मीटरवरच्याचा ‘ग्रेट’ही जाईल. ‘गुड’ची हद्द 41 मीटरवर संपते आणि ‘बॅड’ची 87 मीटरवर. यात कुणाच्या हाताची चूक नाही, हवेलाच तेवढा वेळ लागतो. चांगला ढोलवाला कानाबरोबर पुढच्याच्या हातातल्या टिपरूवरही नजर ठेवतो, कारण उजेडाला हा उशीर होत नाही. ज्या पोरांनी हे कुणी न शिकवता ओळखलं, त्यांच्या तालाच्या समजेबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

हे झालं एका ठोक्याचं. 2005 च्या ‘हॅपी स्काय’ या आवृत्तीत ‘मेइ’ नावाचं गाणं आलं. त्याच्या अवघड पातळीत पट्ट्या आहेत बरोबर 2,000, आणि गाणं आहे दोन मिनिटांच्या आसपास. सरासरी काढली तर सेकंदाला सोळा-सतरा. कित्येकदा दोन-तीन कळा एकदम दाबायच्या असतात, म्हणून हे जमतं तरी. सात कळांच्या एकत्र दाबण्याच्या 127 तऱ्हा होतात, तबकडी धरली तर 255. या गाण्यात जास्तीत जास्त गुण 4,000. सर्वांत वरची ‘एएए’ श्रेणी मिळते कमाल गुणांच्या आठ नवमांशाला, म्हणजे 3,556 गुणांना. समजा एकही ठोका ‘ग्रेट’च्या खाली गेला नाही, तरी 2,000 पैकी किमान 1,556 ठोके त्या 33 मिलिसेकंदांच्या खिडकीतच पडावे लागतात. या खेळात असे गुण मिळवणारी माणसं आहेत आणि ती शंभर येनचं नाणं टाकून रांगेत उभी राहणारी साधी माणसं आहेत.

पट्टी पडद्यावर किती वेळ दिसावी हेही खेळाडूच ठरवतो. अनेक मुरलेले खेळाडू ती वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवतात. दिसलेल्या गोष्टीवर हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे निम्मी मुदत तिथेच संपली. त्याच अर्ध्या सेकंदात ‘मेइ’च्या आठ पट्ट्या पडद्यावर असतात. एकेक पट्टी बघून दाबणं शक्यच नाही. आपण शब्द वाचताना अक्षरं सुटी करत नाही, तसाच इथे आकृतिबंध अख्खा वाचला जातो आणि बोटांना तो आधीच ठाऊक असावा लागतो.

मग पाठ करून टाकावं, असं कुणालाही वाटेल. त्यावर उतारा म्हणून ‘रँडम’ची सोय आहे. ती निवडली की सातही रकान्यांची अदलाबदल होते. सात रकाने मांडायच्या तऱ्हा 5,040. दोन मिनिटांच्या गाण्याच्या या सगळ्या तऱ्हा एकदा खेळायच्या म्हटल्या तर लागतात 10,080 मिनिटं. एका आठवड्यात मिनिटं असतात 10,080. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. झोप नाही, जेवण नाही, सोमवार ते रविवार एकच गाणं. आणि काहीजण दोन्ही बाजूंच्या चौदा कळा आणि दोन तबकड्या एकट्याने वाजवतात. तिथे दोन्ही बाजू वेगवेगळ्या पिसल्या तर तऱ्हा होतात 2,54,01,600. त्या संपवायला साडेशहाण्णव वर्षांहून जास्त काळ लागेल. गाणं तेच, अवघ्या दोन मिनिटांचं. अशी हजाराहून जास्त गाणी या खेळात आहेत.

2019 मध्ये आलेल्या नव्या मशीनचा पडदा सेकंदाला 120 चित्रं दाखवतो, चित्रनगरीतल्या कॅमेऱ्याच्या पाचपट. 2021 मध्ये याच खेळाची व्यावसायिक लीगही सुरू झाली.

दिंडोशीत डीजे म्हटलं की वेगळंच चित्र डोळ्यांपुढे येतं. ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आणि थरथरणाऱ्या खिडक्या. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबलची आहे. भिंतीसमोर 105 डेसिबल धरले तरी फरक 50 डेसिबलचा, म्हणजे ध्वनीची तीव्रता एक लाख पट. सप्टेंबर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जनात डीजे वाजवायला अंतरिम परवानगी नाकारली, ते योग्यच झालं असं माझं मत आहे. डीजेचं कसब ठोका नेमका कुठे टाकायचा यात आहे. त्या लाख पटीतला एकही डेसिबल तो ठोका एका मिलिसेकंदानेही जागेवर आणत नाही.

दिंडोशीतल्या, कुरार गावातल्या, नागरी निवाऱ्यातल्या मंडळांना म्हणून एक विनंती. पुढच्या वर्षीच्या खर्चातून स्पीकरची एक रांग कमी करा. त्या पैशात दोन महिने आधीपासून पोरांसाठी तालाचा शिक्षक लावा आणि सरावाला ठरावीक गतीने ठोके देणारा एक मेट्रोनोम ठेवा.