लोणार सरोवर : नीलहरित शैवाले आणि ऋतुचक्र

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर बेसाल्ट खडकातील आघाती विवरात साठलेले असून त्याच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात मोजक्याच जाती तग धरतात. त्यांत, पूर्वी स्पायरुलिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आर्थ्रोस्पायरा या नीलहरित शैवालाचे प्राबल्य असल्याने पाणी एरवी हिरवे दिसते. सरोवरास बाहेर वाहून जाण्याचा मार्ग नाही. पावसाळ्यात गोडे पाणी मिसळून लवणता घटते. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा संशय शैवालावरही गेला, आणि तो अस्वाभाविक नव्हता. तथापि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हॅलोआर्किया हे लवणप्रिय सूक्ष्मजीव आढळले. जलपातळी घटून लवणता वाढल्याने ते बळावले होते. हे जीव शैवाल नव्हेत. त्यांचा रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे येतो. नमुना स्थिर ठेवताच ते तळाशी बसले व वरचे पाणी नितळ झाले. केवळ रंगावरून शैवालसंख्येचे अनुमान करणे त्यामुळे धोक्याचे ठरते. सूक्ष्मदर्शकीय तपासणीच्या जोडीला लवणता व जलपातळी यांची मासिक नोंद हवी. एकाच ऋतूत नमुने घेणाऱ्या प्रकल्पांना हा फेरपालट दिसणारच नाही.