गोळी घेऊनही टाके ठणकतात तेव्हा

गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातून शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना गोळ्यांची चिठ्ठी मिळते. तरी रात्री ठणका थांबत नाही आणि ‘सोस थोडं’ हा घरचा सल्ला सुरू होतो. तो ऐकू नये.

गोळी लागू न पडण्याचं कारण कधी शरीरातच असतं. ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळीचा सर्वांत प्रभावी अंश यकृतातल्या ‘सीवायपी२डी६’ या विकरामुळे तयार होतो. काहींमध्ये हे विकर जन्मतःच निकामी असतं. त्यांनी कितीही सोसलं तरी गोळीला गुण येणार कुठून? डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यावं. ट्रामाडॉल २०१८पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तेव्हा शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या तर नकोतच.

मनानं डोस वाढवणं त्याहून वाईट. पॅरासिटामॉलची प्रौढांसाठीची कमाल मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम. यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. कॉम्बिफ्लाममध्येही ते ३२५ मिलिग्रॅम असतं, पण स्ट्रिपमागची बारीक अक्षरं वाचतो कोण!

ओसरलेली वेदना पुन्हा वाढली, ताप किंवा पू आला, पोटरी सुजली, प्लास्टरमधली बोटं बधिर झाली, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. दम लागला तर थेट १०८ला फोन करा.